मानेमुळे येणारी चक्कर आणि डोकेदुखी: तपासणी कुठून सुरू करायची?

मणका_दोन

एक्स-रेवर मणक्यांची झीज दिसली की चक्कर मानेची ठरते आणि गळ्यात पट्टा येतो. पन्नाशीनंतर ज्यांना कधीच चक्कर आलेली नाही त्यांच्याही एक्स-रेत हीच झीज सापडते. त्यामुळे त्या फिल्मवरून चक्करेबद्दल काहीच ठरत नाही. मानेची चक्कर हे निदान बाकी सगळी कारणं बाजूला सारून झाल्यावर, अगदी शेवटी करायचं. डोकेदुखीचं तसं नाही. तिथे मानेवर हात ठेवून पुरावा मिळवता येतो. दोन्हींची तपासणी क्रमाने एका जागी लिहून ठेवावी म्हणून हा धागा.

सुरुवात शब्दांपासून. 'चक्कर येते' या दोन शब्दांत आपला रुग्ण चार वेगळ्या गोष्टी सांगत असतो. 'गरगरतं', 'घर फिरतं' म्हणाला तर कान, मायग्रेन किंवा मेंदू. 'डोळ्यांपुढे अंधारी येते', 'घेरी आली' म्हणजे रक्तदाब, हृदय किंवा रक्त कमी. 'झोक जातो', 'पाय ठरत नाहीत' म्हटलं की पायांच्या नसा, मज्जारज्जू, लहान मेंदू. 'डोकं जड आहे, तरंगल्यासारखं वाटतं' इथे मान बसू शकते. "चक्कर हा शब्द सोडून सांगा, नेमकं काय होतं?" एवढं विचारलं की निम्मं चित्र उघडतं.

पण शब्दावर सगळा भार टाकू नका, रुग्ण दोन मिनिटांत शब्द बदलतो. किती वेळ टिकते आणि कशाने येते, ही दोन उत्तरं जास्त भरवशाची. अंथरुणात कूस बदलली आणि काही सेकंद गरगरलं तर कानातले खडे (आतल्या कानातले बारीक कण सुटून तोलाच्या नळीत शिरणं). २० मिनिटं ते १२ तास, सोबत एका कानात दडा आणि आवाज, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. ५ मिनिटं ते ७२ तास, सोबत उजेड-आवाज नकोसा, तर मायग्रेनची चक्कर. तीन महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस, उभं राहिल्यावर आणि बाजारात-मॉलमध्ये वाढणारी, तर पीपीपीडी, म्हणजे चिवट, रेंगाळणारी तोलाची चक्कर. मानेची असेल तर मिनिटं ते काही तास टिकते, आणि मानदुखीबरोबर चढते-उतरते. मान बरी असताना चक्कर येत असेल तर ती मानेची नव्हे.

एक बारीक प्रश्न नेहमी विचारावा: कूस बदलताना मान आणि धड एकत्र, ओंडक्यासारखं वळवलं तरी गरगरतं का? हो म्हणाला तर मान पिळलीच नाही, म्हणजे कान आधी तपासायचा.

न्यूरो_ओपीडी

क्रम छान आहे, पण माझा आग्रह असा की मानेला हात लावण्याआधी धमनीचा विचार करा. मानेतल्या धमनीच्या अस्तराला चीर पडते तेव्हा पहिले काही दिवस फक्त मानदुखी आणि डोकेदुखी असते. पक्षाघात नंतर येतो. असा रुग्ण तरुण असतो, बहुतेक ५५ च्या आतला, आणि 'असं आधी कधी दुखलं नव्हतं' म्हणतो. हे वाक्य कानावर पडलं की थांबा. मागच्या काही आठवड्यांत मानेला हिसका, गाडीचा छोटा धक्का, ताप-सर्दी, किंवा सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं असं काही झालं का ते विचारा. सलूनची गोष्ट रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण तो तिला इजा मानतच नाही.

मग पाहायचं ते असं. दोन-दोन दिसतं का, बोलणं जड होतं का, गिळताना ठसका लागतो का, अचानक गुडघ्यातून कोसळला का, तोंडाभोवती बधिर वाटतं का, एका बाजूचे हात-पाय अडखळतात का. दोन्ही बाहुल्या उजेडात पाहिल्यावर खोलीतला दिवा मालवून पुन्हा पाहा. हॉर्नर सिंड्रोममध्ये (डोळ्याकडे जाणाऱ्या नसांना धक्का बसतो तेव्हा) लहान बाहुली अंधारात मोठी होत नाही, म्हणून फरक अंधारात जास्त कळतो. त्याच बाजूची पापणी दोन मिलिमीटर झुकलेली असते, घाईत नजरेतून सुटते.

आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नसेल तर पुढची तपासणी करू नका, थेट इस्पितळात पाठवा.

पन्नाशीपुढची नवी डोकेदुखी, कानशिलाजवळ हात लावला तरी दुखणं, केस विंचरताना त्रास, चावताना जबडा भरून येणं: त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी, या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या. टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या धमनीची सूज, मानदुखीच्या नावाखाली राहिला तर डोळा जातो.

तालुका_ओपीडी

बाहेर रांग असते, एका रुग्णाला दहा मिनिटं मिळतात. त्यात काय बसवायचं?

न्यूरो_ओपीडी

आधी बीपी. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. बसवून घेतलेल्या बीपीत हे दिसत नाही. सोबत गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा: बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, झोपेची गोळी.

पिशवीतच डोकेदुखीचं एक कारणही सापडतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या गोळ्या) वा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळ्यांनीच डोकेदुखी धरून ठेवलेली असू शकते. तशा रुग्णाची मान कितीही सैल केली तरी डोकं दुखतच राहतं.

मग पाय. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवा. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता आणि सगळीकडेच मधुमेह, दोन्हींमुळे पायांची जाण जाते आणि रुग्ण त्याला चक्कर म्हणतो. "चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही का? तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो का?" या दोन प्रश्नांना वेळ लागत नाही.

मणका_दोन

यात मज्जारज्जूवरचा दाब जोडतो. मान आखडलेली, चाल डगमगती, साठीपुढचा रुग्ण: इथे दोष खरोखर मानेतच असतो, पण तो वेगळा आणि गंभीर. शर्टाचं बटण लावताना, साडीच्या निऱ्या धरताना बोटं अडखळतात का ते विचारा. हॉफमन आणि बॅबिन्स्की (हाताच्या बोटांच्या आणि तळपायाच्या प्रतिक्षिप्त क्रिया) बघा, टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालवा. यातलं काही सापडलं तर मान ओढायची नाही, फिरवायची नाही, एमआरआय करायचा. आमवात असेल तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यात ढिलेपणा असू शकतो, त्यामुळे मान शेवटपर्यंत वाकवणारी कोणतीही चाचणी एक्स-रेआधी नको. मान पुढे आणि मागे वाकवून दोन फिल्म काढा. प्रौढात दोन हाडांमधलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं तर थांबा.

कर्णशंख

कानाबद्दल लिहिते, कारण 'मानेची चक्कर' म्हणून येणाऱ्यांत खड्यांचे रुग्ण पुष्कळ असतात आणि खडे एका बैठकीत हलवता येतात.

खडे शोधायची चाचणी, डिक्स-हॉलपाइक: रुग्ण पलंगावर पाय लांब करून बसलेला. डोकं तपासायच्या बाजूला ४५ अंश वळवा. मग झटक्यात आडवं करून डोकं पलंगाच्या कडेखाली २० अंश झुकवा. डोळे उघडे, नजर तुमच्या कपाळावर. निदान ३० सेकंद थांबा. लोक पाच सेकंदांत उठवतात आणि चाचणी निगेटिव्ह लिहितात, इथेच बहुतेक चूक होते. डोळ्यांची थरथर काही सेकंद उशिरा सुरू होते, वाढते आणि एका मिनिटाच्या आत थांबते. मागच्या नळीत खडे असतील तर डोळा कपाळाकडे उसळतो आणि वरचा भाग खालच्या कानाकडे फिरतो. उसळी सरळ हनुवटीकडे असेल, लगेच सुरू होत असेल, थांबत नसेल, तर मेंदूची तपासणी.

मान दुखते म्हणून हॉलपाइक टाळलं, हे कारण चालत नाही. पर्याय आहे. रुग्णाला पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसवा. उजवा कान तपासायचा तर डोकं डावीकडे ४५ अंश वळवून उजव्या कुशीवर चटकन पाडा. मान मागे झुकत नाही, कानातली नळी मात्र तशीच फिरते. हॉलपाइक कोरी आली तर उताणं झोपवून, डोक्याखाली ३० अंशांची उशी देऊन डोकं डावी-उजवीकडे वळवा. आडव्या नळीतले खडे इथेच सापडतात.

आणि चाचणीच्या दिवशी चक्करेची गोळी नको. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन घेऊन आलेल्या रुग्णात थरथर दबलेली असू शकते. म्हाताऱ्या माणसांत या दोन्ही गोळ्या महिनोन्महिने चालू राहिल्या तर कंपवातासारखी लक्षणंही येतात, तेव्हा तपासणीनंतरही त्या का चालू आहेत ते विचारा.

शिकाऊ_फिजिओ

मॅडम, आमच्याकडे चक्करेच्या प्रत्येक रुग्णात हिंट्स, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची तीन भागांची चाचणी, करतात. डोकं झटकन वळवल्यावर नजर टिकली की 'नॉर्मल, काळजी नाही' लिहितात. बरोबर आहे का?

कर्णशंख

नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण यात जीव जाऊ शकतो. हिंट्स फक्त त्या रुग्णासाठी ज्याला तपासणीच्या वेळी सतत चक्कर चालू आहे आणि डोळ्यांत थरथर दिसते आहे. त्या रुग्णात नजर टिकली, म्हणजे हेड इम्पल्स नॉर्मल आली, तर ती वाईट बातमी: कानाची नस शाबूत आहे, मग दोष मेंदूत शोधायचा. येऊन-जाऊन चक्कर असलेल्या, आत्ता ठीक बसलेल्या माणसात ही चाचणी नॉर्मलच येणार, तिच्यावरून काहीच ठरत नाही. आणि धमनीची शंका असेल तर मान झटकायचीच नाही.

तालुका_ओपीडी

पूर्वी मान मागे झुकवून, वळवून धरून चक्कर येते का पाहायचे. ते अजून करायचं का?

मणका_दोन

नको. व्हर्टिब्रल धमनी तपासण्यासाठी मान शेवटच्या टोकाला धरून ठेवायची चाचणी खरी अडचण पकडण्यात कमी पडते आणि खोटा दिलासा देते. आयफॉम्प्ट या फिजिओथेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या आराखड्यातही ती सुचवलेली नाही. तिच्या जागी इतिहास, बीपी, मेंदूतून निघणाऱ्या नसांची तपासणी.

आता मान. डोकेदुखीसाठी माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी फ्लेक्शन-रोटेशन. मान वळण्यातला जवळपास निम्मा भाग पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होतो. मान पूर्ण वाकवली की खालचे सांधे कुलूपबंद होतात आणि वळणं मुख्यतः त्या एका जोडीवर येतं.

रुग्ण उताणा, खांदे पलंगाच्या कडेला. तुम्ही डोक्यामागे. मान पूर्ण वाकवा, हनुवटी छातीकडे, डोक्याची मागची बाजू तुमच्या पोटाला टेकलेली. आता दोन्ही हातांनी डोकं एका बाजूला वळवा. अडलं किंवा दुखलं की थांबा, कोन वाचा. साधारण ४४ अंश येतात. ३२ च्या खाली किंवा दोन बाजूंत १० अंशांचा फरक असेल तर पॉझिटिव्ह.

बिघडतं ते असं: वळवताना मान हळूच सरळ होते आणि कोन फुगतो. पोटाचा टेकू सुटला की हे हमखास होतं. दुसरं म्हणजे डोकं वळण्याऐवजी बाजूला कलतं. नाकाचा शेंडा एका जागी फिरतो आहे की कमानीत सरकतो आहे, ते बघा. मान पूर्ण वाकतच नसेल तर चाचणी बाद, 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. आणि डोकं भणभणत असताना मोजलं तर कोन कमी भरू शकतो, म्हणून त्या दिवशी दुखणं दहापैकी किती ते शेजारी लिहा.

मग बोटं. उताणं किंवा पालथं झोपवून वरच्या तीन सांध्यांवर एकेक करून हलका दाब. नुसतं 'दुखतं' याला किंमत नाही, ते सगळ्यांचं दुखतं. "नेहमीचं डोकं हेच का?" याला हो आलं पाहिजे, आणि दुखणं त्याच बाजूच्या डोळ्यामागे किंवा कपाळाकडे गेलं पाहिजे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या देठात एकाच केंद्रात उतरतात, म्हणून मानेचं दुखणं कपाळावर जाणवतं.

याच वाटेने उलटही होतं: मायग्रेनच्या झटक्यात मान दुखते. 'मान दुखते म्हणून मानेची डोकेदुखी' हे चूक. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीतले, २०१८ चे, निकष असे आहेत: मानेत असा दोष दिसायला हवा जो डोकेदुखी घडवू शकतो, आणि पुढच्या चारपैकी दोन गोष्टी हव्यात. दोष आणि डोकेदुखी साधारण एकाच वेळी सुरू झाली. दोष सुधारला तशी डोकेदुखी सुधारली. मानेची हालचाल कमी आहे आणि मान हलवून डोकेदुखी वाढते. त्या सांध्याची किंवा नसेची सुन्न करणारी सुई दिल्यावर डोकेदुखी थांबली.

न्यूरो_ओपीडी

एकाच बाजूला चिकटलेली, कधीच न थांबणारी डोकेदुखी, त्याच डोळ्याला पाणी किंवा लाली: मानेवर जाण्याआधी हेमिक्रेनिया कंटिन्युआ ही वेगळी डोकेदुखी आठवा. ती इंडोमेथासिन या वेदनाशामकाने पूर्ण थांबते. महिनोन्महिने मान चोळूनही न थांबलेल्या रुग्णात हे निसटलेलं असू शकतं.

मणका_दोन

बरोबर. एक स्नायूंची चाचणी राहिली: क्रेनिओ-सर्व्हायकल फ्लेक्शन. मानेखाली, डोक्याच्या हाडाला चिकटून, दाब मोजणारी पिशवी. पाऱ्याच्या २० मिमी दाबापर्यंत भरा. रुग्णाने हळूच 'हो' म्हटल्यासारखी मान लववून काटा २२ वर न्यायचा, मग २४, २६, २८, ३०, प्रत्येक पायरी १० सेकंद स्थिर. २६ च्या वर जाऊन टिकला तर बरं. काटा पोचतो पण गळ्यासमोरचा मोठा स्नायू दोरीसारखा ताठ होतो, दात आवळले जातात, श्वास अडतो, तर ती पायरी धरायची नाही. डोकं उचलू देऊ नका, फक्त सरकू द्या.

तोल_मापक

चक्करेसाठी मानेची जाण, म्हणजे डोळे मिटूनही डोकं कुठे वळलं आहे ते कळणं, मोजायची दोन साधनं. पहिलं, लेझर. किल्लीच्या जुडग्यातला छोटा लेझर आणि रुंद इलॅस्टिकचा पट्टा पुरतो. रुग्ण पाठ टेकून खुर्चीत, डोक्यापासून भिंत बरोबर ९० सेंटीमीटर. भिंतीवर कागद, लेझरचा ठिपका मध्यावर. डोळे मिटून मान एका बाजूला पूर्ण वळवायची आणि सुरुवातीला जिथे होती तिथे परत आणायची. 'आलो' म्हटलं की ठिपक्यावर पेन्सिलने खूण. मग तुम्ही डोकं मध्यावर आणायचं, काही सांगायचं नाही. प्रत्येक बाजूला सहा वेळा, सरासरी काढायची. ९० सेंटीमीटरवर १ अंश म्हणजे सुमारे १.६ सेंटीमीटर. ४.५ अंशांहून जास्त, म्हणजे ७ सेंटीमीटरच्या पुढे, चूक गेली तर जाण बिघडलेली. खोली लहान असेल तर ६० सेंटीमीटरवर बसवा, मग सीमा ४.७ सेंटीमीटरची.

चुका: चाकांची खुर्ची, घसरणारा पट्टा, मानेबरोबर वळणारे खांदे. एक हात खांद्यावर हलका ठेवा. दोन प्रयत्न सराव म्हणून सोडून द्या.

दुसरं, फिरतं स्टूल, डोळे मिटलेले. तीन भाग, मध्ये थांबा. एक: डोकं आणि धड एकत्र फिरवा, यात फक्त कान हलतो. दोन: तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरा, रुग्णाने पायांनी स्टूल ४५ अंश फिरवून ३० सेकंद थांबायचं, यात फक्त मान पिळते. तीन: धड स्थिर, डोकं फिरतं, दोन्ही. दुसऱ्या भागात नेहमीचं लक्षण आलं आणि पहिल्यात नाही, तर मानेकडे बोट जातं. डोकं धरताना कान दाबू नका, आणि मानेच्या पुढच्या बाजूला, कॅरॉटिड धमनीवर बोट जाऊ देऊ नका.

नजरेने बोटाचा पाठलाग हाही प्रकार आहे. सरळ बसवून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन सेकंदांत न्या, मग धड ४५ अंश वळवून तेच. वळवल्यावर डोळे जास्त हिसके देत असतील तर नोंद घ्या. वयस्कर माणसाचे डोळे सरळ बसूनही हिसके देतात, म्हणून तुलना त्याच्या स्वतःशीच.

कर्णशंख

इथे माझा विरोध नोंदवते. या चाचण्या मानदुखीच्या रुग्णात, चक्कर नसतानाही पॉझिटिव्ह येतात. २०२२ मध्ये बाराणी सोसायटी या चक्कर-तोलाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्पष्ट भूमिका घेतली: मानेचा दोष आणि गरगरण्याची भावना यांच्यात थेट दुवा असल्याचा पुरेसा पुरावा नाही. मान हलवल्यावर गरगरलं तर आधी खडे किंवा मायग्रेन, क्वचित मेंदू. 'मानेची गरगर' असा शेरा कागदावर नसावा.

तोल_मापक

गरगरण्याबद्दल पूर्ण मान्य. आपण तोल डळमळणं, डोकं तरंगणं याबद्दल बोलतो आहोत, आणि तेही मानदुखी असेल तरच. लेझरची चूक जास्त आली म्हणजे निदान झालं असं मीही म्हणणार नाही. उपचाराआधीचा आकडा म्हणून ती मोजायची, निदानाचा शिक्का म्हणून नव्हे.

कर्णशंख

मग हरकत नाही.

शिकाऊ_फिजिओ

उपचार करून बघितले तर किती दिवसांनी 'मान नव्हती' असं म्हणायचं?

मणका_दोन

सहा आठवडे. २००२ च्या मोठ्या अभ्यासात, २०० रुग्णांत, डोकेदुखीसाठी हाताने उपचार आणि व्यायाम सहा आठवडेच दिले होते आणि फायदा वर्षभर टिकला. पहिल्या दिवशी चार नोंदी लिहा: फ्लेक्शन-रोटेशनचे दोन्ही कोन, दाबाची शेवटची टिकलेली पायरी, लेझरची सरासरी, आणि आठवड्यात किती दिवस त्रास. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. कोन सुधारले आणि त्रास तसाच राहिला, तर मान हे कारण नव्हतं: कागद पुन्हा उघडा आणि हॉलपाइकपासून सुरू करा. कोनच सुधारले नाहीत तर उपचार कमी पडले, निदानाबद्दल अजून काही कळलेलं नाही. या दोन गोष्टी एकच समजून रुग्णाला 'तुमची मान बरी होणार नाही' असं सांगितलं जातं, आणि पट्टा कायमचा गळ्यात राहतो.

तालुका_ओपीडी

पट्टा आधीच असेल तर?

मणका_दोन

हाड मोडलं नसेल, मणके ढिले नसतील, तर दर दोन दिवसांनी तासभर कमी करत काढा. महिनाभर पट्टा घातलेल्या मानेत लेझरची चूक आणि दाबाची पायरी दोन्ही वाईट येतील, तेव्हा पट्टा सुटून दोन आठवडे होईपर्यंत ते आकडे पक्के धरू नका. हॉलपाइक मात्र आजच करा, कुशीवर पाडून.